मंद आचेवरचे मांस आणि कर्त्याचा प्रश्न

अन्न शिजवणाऱ्यावर त्या अन्नासाठी गेलेल्या जीवाची जबाबदारी किती येते, हा भारतीय धर्मचिंतनातील एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राणिहत्येच्या दोषाचे वाटेकरी सांगताना हत्येला संमती देणारा, अंगे कापून वेगळी करणारा, प्रत्यक्ष मारणारा, विकत घेणारा आणि विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांनाच घातक म्हटले आहे. म्हणजे सुरी ज्याच्या हाती होती त्याच्याबरोबर पळी ज्याच्या हाती होती तोही दोषी धरला आहे. ही गणना करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती अशी की यांपैकी प्रत्येक कृतीच्या ठिकाणी एक जिवंत माणूस हजर असतो आणि आपण काय करतो आहोत हे त्याला दिसत असते. विजेवर चालणारे ‘स्लो कुकर’ नावाचे भांडे स्वयंपाकघरात आल्यावर निदान शिजवणाऱ्यापुरते तरी हे गृहीत टिकत नाही, कारण सकाळी त्यात मांस ठेवून, झाकण लावून घरातली माणसे कामावर निघून जातात आणि परत येतात तेव्हा ते शिजून तयार असते. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा गावांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांना हे भांडे आणि त्यात शिजणारे टर्की पक्ष्याच्या छातीचे मांस परिचयाचे आहे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिकडे कृतज्ञतेचा सण, म्हणजे ‘थँक्सगिव्हिंग’, साजरा होतो, त्या दिवशी टर्की हेच मुख्य पक्वान्न असते, आणि ज्या लहान कुटुंबाला अख्खा पक्षी नको असतो ते केवळ छातीचा भाग आणते. शिजवणारा जिथे हजर नाही आणि मारणारा दृष्टीच्या पार पलीकडे आहे, तिथे कर्ता कोणाला म्हणावे, या प्रश्नाचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम या पाकक्रियेचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण प्रश्नाचे मूळ तिच्यातच आहे. स्लो कुकर म्हणजे जाड चिनी मातीचे एक भांडे, त्याला चहूबाजूंनी वेढून मंद उष्णता देणारे विजेचे कवच आणि वर घट्ट बसणारे झाकण. पाण्याला उकळी फुटण्याच्या थोडे अलीकडे, पण तासन्‌तास स्थिर राहणारे तापमान हे त्याचे वैशिष्ट्य होय. टर्कीच्या मांडीत कोलाजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, भरपूर असते. ते मंद उष्णतेत हळूहळू विरघळते आणि मांस मऊ पडते. छातीत असे विरघळण्याजोगे द्रव्य फारसे नसते आणि चरबीही अगदी थोडी असते, त्यामुळे ते गरजेपेक्षा अधिक वेळ आचेवर राहिले तर त्यातली प्रथिने आकसून पाणी बाहेर टाकतात आणि मांस कोरडे होते. म्हणून दोन-अडीच किलोचा तुकडा साधारण पाच-सहा तास ठेवावा आणि त्याच्या गाभ्याचे तापमान ७४ अंश सेल्सिअस झाले की काढून घ्यावा, असे सांगितले जाते. गोठलेले मांस थेट भांड्यात ठेवणे धोक्याचे असते, कारण ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात आणि गोठलेला तुकडा त्या टप्प्यात फार काळ रेंगाळतो. याखेरीज एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो, तो म्हणजे मधेच झाकण उघडू नये, कारण प्रत्येक वेळी साचलेली उष्णता निघून जाते आणि शिजण्याचा काळ लांबतो. चुलीपाशी बसून ढवळणे, चाखणे, जाळ मागेपुढे करणे यांत एरवी स्वयंपाकाचे कौशल्य दिसते. येथे मात्र हात आवरून धरणे हेच कौशल्य ठरते.

हात आवरून धरण्याच्या या शिस्तीचा उगम धर्मात आहे, ही गोष्ट फारशी ज्ञात नाही आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. यहुदी धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा काळ ‘शब्बाथ’, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, मानला जातो, आणि त्या दिवशी निषिद्ध ठरलेल्या एकोणचाळीस प्रकारच्या कामांत अग्नी पेटवणे व अन्न शिजवणे यांचा समावेश होतो. तरीही त्या दिवशी गरम अन्न मिळावे म्हणून पूर्व युरोपातील यहुदी स्त्रिया मांस, घेवड्याच्या बिया, बटाटे आणि जव यांनी भरलेले मडके शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी भटारखान्याच्या विझत आलेल्या भट्टीत ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काढून आणीत. या पदार्थाला ‘चोलंट’ म्हणतात. अमेरिकेतील अर्व्हिंग नॅक्सन या यहुदी संशोधकाने आपल्या आईकडून लिथुआनियातील विल्ना शहरातल्या या मडक्यांच्या आठवणी ऐकल्या होत्या, आणि त्यांतून सुचलेल्या विजेच्या भांड्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, त्याला १९४० मध्ये मिळाले. ‘रायव्हल’ नावाच्या कंपनीने १९७० मध्ये त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढल्याच वर्षी तेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची सोय म्हणून ते घरोघर पोचले आणि त्यामागचा शब्बाथ विस्मृतीत गेला.

महाराष्ट्राला शब्बाथ परका नाही. कोकणातील बेने इस्राएल हा मराठी बोलणारा यहुदी समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असे, आणि शनिवारी ते घाणे बंद ठेवीत असल्यामुळे शेजारचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घाण्याचा बैल ज्या दिवशी उभा राहतो त्या दिवशी सृष्टी आपल्या श्रमावाचूनही चालते याची माणसाला आठवण राहते, असा त्या विश्रांतीचा अर्थ आहे. परंतु याच धर्माने मांसाच्या बाबतीत हात झाकून ठेवलेला नाही. पशू कापणारा माणूस शिकलेला आणि धर्मनिष्ठ असावा लागतो, कापण्यापूर्वी तो ईश्वराचे स्मरण करतो, सुरीला बारीकशीही खाच असून चालत नाही, आणि रक्त हे प्राण्याचे जीवन असल्याने मांसाला मीठ लावून ते काढून टाकावे लागते. भट्टीतल्या मडक्यापासून शुक्रवारी रात्री माणूस दूर जातो खरा, पण त्या मडक्यात काय आहे आणि ते कसे आले याचा त्याने आधीच पुरता हिशेब दिलेला असतो. विजेच्या भांड्याने यांतला पहिला भाग घेतला आणि दुसरा गाळला. प्रस्तुत प्रश्न नेमका तेथे सुरू होतो.

टर्की हा पक्षीही भारताला सर्वस्वी अनोळखी नाही. मूळ अमेरिका खंडातला हा पक्षी पोर्तुगीज व्यापारामुळे गोव्याच्या बंदरात आला, आणि मुकर्रब खान या सरदाराने तेथून आणलेल्या चमत्कारिक वस्तूंत तो १६१२ मध्ये बादशहा जहांगीराच्या दरबारी पोचला. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या डोक्यावरच्या व गळ्यावरच्या मांसल भागाचे रंग कसे पालटतात याचे बारकाईने वर्णन केले आहे आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या चित्रातला पक्षी सडपातळ, ताठ आणि पिसांच्या तपशिलासह पूर्ण आहे. आजच्या दुकानातले टर्कीचे मांस ज्या पांढऱ्या, रुंद छातीच्या जातीपासून येते ती जात विसाव्या शतकात मुद्दाम निवडपद्धतीने घडवली गेली, आणि तिची छाती इतकी जड केली गेली की नर-मादीचे नैसर्गिक मीलन जवळजवळ अशक्य झाले व प्रजनन कृत्रिम रेतनावर आले. भांड्यात ठेवलेला तो मऊ, बिनहाडाचा, कातडीही काढलेला तुकडा म्हणूनच एका मृत्यूची खूण तर आहेच, शिवाय जन्मापासून माणसाच्या इच्छेने वाकवलेल्या एका आयुष्याचीही खूण आहे. मनूच्या यादीत अशा पैदासकाराला जागा नाही, कारण त्या काळी त्याची कल्पनाच नव्हती. आज यादी करायची तर त्याचे नाव बरेच वर घालावे लागेल.

आता कर्त्याविषयीच्या विचाराकडे वळता येईल. जैन आचारशास्त्रात आणि पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार मानले आहेत: स्वतः केलेली ती ‘कृत’, दुसऱ्याकडून करवलेली ती ‘कारित’ आणि दुसऱ्याने केलेली पाहून जिला मनाने मान्यता दिली ती ‘अनुमोदित’. महाभारताच्या अनुशासनपर्वात हाच विचार अधिक रोखठोकपणे येतो. विकत घेणारा धनाने मारतो, खाणारा उपभोगाने मारतो आणि खाटीक बांधून व कापून मारतो, असे तेथे भीष्माच्या तोंडी आहे. या दृष्टीने पाहिले तर अंतराने दोष कमी होत नाही, कारण मागणी हीच करवण्याची कृती ठरते. बौद्ध परंपरेने मात्र वेगळी वाट घेतली. भिक्षूने भिक्षेत मिळालेले मांस तीन बाबतींत शुद्ध असेल तर खावे, म्हणजे तो प्राणी आपल्यासाठी मारल्याचे त्याने पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे आणि तशी शंकाही त्याला नसावी, असा नियम त्रिपिटकातील जीवक सुत्तात आढळतो. वरवर पाहता हा नियम स्लो कुकरपाशी उभ्या असलेल्या गृहस्थाला मोकळे करतो, कारण दुकानातला पक्षी त्याच्यासाठी म्हणून मारलेला नसतो. पण हा नियम भिक्षूचा आहे, हे विसरून चालणार नाही. भिक्षू मागत नाही, निवडत नाही, दाम मोजत नाही. पात्रात जे पडेल ते घेतो. गृहस्थ वजन सांगून, किंमत पाहून तुकडा उचलतो, आणि पाहिले नाही, ऐकले नाही असे त्याने म्हणणे म्हणजे भिक्षूची सवलत घेऊन ग्राहकाचा हक्क भोगणे होय.

यवतमाळ जिल्ह्यातील बौद्ध समाजाच्या दृष्टीने या चर्चेला आणखी एक बाजू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील लाखो कुटुंबांनी ज्या धम्माचा स्वीकार केला, त्याचे विवेचन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे आणि अहिंसा हा जखडून टाकणारा नियम नसून जीवनाचे तत्त्व आहे, अशी भूमिका मांडली आहे. या भेदाचे मोल मोठे आहे, कारण त्यामुळे प्रश्न हातावरून मनावर येतो. मात्र गरज कोणती आणि इच्छा कोणती हे ठरवण्यासाठी माणसाने त्या कृतीसमोर क्षणभर तरी उभे राहावे लागते. बंद झाकणाखाली आपोआप शिजणारे अन्न नेमका तो क्षणच टाळू देते.

याउलट यवतमाळच्या मातीत मांस शिजवण्याची जी धार्मिक रीत होती आणि काही प्रमाणात आजही आहे, तिच्यात लपवाछपवीला वावच नाही. बंजारा तांड्यावर किंवा कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या छोट्या वस्तीवर, देवाला बोकड वा कोंबडा अर्पण केला जातो तेव्हा तो सगळ्यांसमोर उभा असतो. त्याला कोणी वाढवले हे ठाऊक असते, तो कोणत्या नवसाचा आहे हे ठाऊक असते, आणि शिजलेल्या मांसाचे वाटे घरोघर जातात. मृत्यू, देव, भूक आणि वाटप यांचा येथे एकच प्रसंग होतो. असे असूनही या रीतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप त्याच लोकांमधून उठला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १७३९ मध्ये जन्मलेले आणि यवतमाळच्या सीमेलगत वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ज्यांची समाधी आहे ते संत सेवालाल महाराज परंपरागत कथांत शाकाहारी आहेत, आणि देवी त्यांना आपला भगत होण्यास सांगते तेव्हा तिला बळी लागतो म्हणून ते आरंभी नकार देतात. त्याच पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत बोकडांचे बळी दिले जात, आणि त्यांच्या जागी गोड नैवेद्याचा भोग लावावा यासाठी समाजातूनच प्रयत्न झाले. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांनी तर संन्यस्त जीवन पत्करण्याच्या कितीतरी आधी, मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस आणि दारू न देता गोडाचे जेवण घातले आणि भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला. पुढे आयुष्यभर कीर्तनांतून त्यांनी पशुबळीच्या प्रथेवर प्रहार केला. बळी देणारा आणि गाडगे महाराज यांच्यात मतभेद टोकाचा असला तरी दोघांच्याही डोळ्यांसमोर तो बोकड होता. एकाने त्याला देवाच्या नावाने मारले, दुसऱ्याने त्याच्यासाठी जातीशी वैर घेतले. तो नव्हताच असे दोघांपैकी कोणीही मानले नाही.

मंद आचेची परंपरा या भागात शाकाहारी अन्नातही आहे. गव्हाच्या कणकेचे थर देऊन, तुपाचा हात लावून केलेले रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात, राखेखाली पुरून भाजतात, आणि नवस फेडताना वांग्याची भाजी व वरण यांसह देवळाच्या आवारात किंवा शेतात त्यांची पंगत बसते. तेथेही आच झाकलेली असते व रोडगा आपल्या वेळेनेच भाजला जातो. पण भाजणारा त्या राखेपाशी बसून राहतो, आणि पहिला रोडगा देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोंडात घास घालत नाही. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात, असे म्हटले आहे, त्याचा अर्थ या पंगतीत सहज उलगडतो. अन्न आधी कोणाचे तरी देणे म्हणून समोर येते आणि मगच ते खाणाऱ्याचे होते. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगमध्येही मुळात हीच भावना आहे आणि तिचा अनादर करण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की तेथे ईश्वराचे, भूमीचे, आप्तांचे आभार मानले जातात आणि ताटातल्या पक्ष्याचे नाव त्या आभारांत क्वचितच येते.

येथे शाकाहारी वाचकाला समाधान वाटू लागले असेल तर महाभारतातील धर्मव्याधाची कथा त्याने आठवावी. वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म जाणून घेण्यासाठी मिथिलेतल्या एका मांसविक्रेत्याकडे जातो. तो व्याध स्वतः प्राणी मारत नाही, मांस खातही नाही, दुसऱ्याने मारलेल्याचे मांस विकतो आणि आईवडिलांची सेवा करतो. आपला व्यवसाय घोर आहे हे तो मुळीच नाकारत नाही. पण नांगर चालतो तेव्हा जमिनीतले किती जीव मरतात, धान्याच्या दाण्यांतही जीव असतात, चालताना पायाखाली किती चिरडले जातात, असे विचारून जगात हिंसेपासून संपूर्ण अलिप्त कोणीच नाही हे तो कौशिकाला दाखवून देतो. धर्मशास्त्रातील ‘पंचसूना’ ही कल्पना याच जाणिवेतून आली आहे. सूना म्हणजे वधस्थान. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने मानून त्यांच्या प्रायश्चित्तासाठी रोजचे पाच महायज्ञ सांगितले आहेत. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना कीटकनाशकांची विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले. अंगावरच्या सुती वस्त्रामागे माणसांचे मृत्यू असू शकतात हे ज्या जिल्ह्याने पाहिले, तेथे हिंसा केवळ मांसाहाऱ्याच्या ताटात शोधणे अन्यायाचे होईल.

मग सगळेच दोषी असतील तर कोणीच दोषी नाही, असा निष्कर्ष काहीजण काढतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का हे सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखातून उत्तम कळते. पूर्वी राजाच्या स्वयंपाकघरात कालवणासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, त्यातही हरिण नेहमी नाही, आणि पुढे हे तिन्हीही मारले जाणार नाहीत, असे त्यात कोरलेले आहे. विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक येथे सापडलेल्या एका प्राचीन ब्राह्मी लेखात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली दिसते, आणि तो लेख अशोकाच्या धर्ममहामात्राच्या, म्हणजे धर्मखात्याच्या अधिकाऱ्याच्या, आज्ञेचा असावा असे मत पुराभिलेखतज्ज्ञ वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. पहिल्या शिलालेखाचे खरे सामर्थ्य त्याच्या अपुरेपणात आहे. अशोकाला ते तीन प्राणी सहज वगळता आले असते आणि आपण पूर्ण अहिंसक झालो असे दगडावर कोरता आले असते; त्याऐवजी आपल्या पाकशाळेत अजून मारल्या जाणाऱ्या दोन मोरांचा आणि एका हरणाचा आकडा त्याने प्रजेसमोर मांडला. पूर्ण निर्दोष होता येत नाही म्हणून त्याने मोजणे सोडले नाही.

या मोजणीच्या कसोटीवर स्लो कुकरमधल्या टर्कीचा निर्णय करता येतो. यंत्राला इच्छा नसते, म्हणून ते कर्ता होऊ शकत नाही. ते ज्याच्या इच्छेने चालू झाले तो घरात असो वा कचेरीत, शिजवणारा तोच. विकत घेणारा म्हणूनही तोच, खाणारा म्हणूनही तोच. मनूच्या यादीतल्या, पूर्वी अनेक माणसांत विभागल्या गेलेल्या भूमिका आता बव्हंशी एकाच माणसाकडे आल्या आहेत, आणि त्यामुळे त्याची जबाबदारी वाढली आहे. मांस खावे की खाऊ नये, याचे एकच उत्तर सर्वांना बंधनकारक नाही. सेवालाल महाराजांचे आणि गाडगे महाराजांचे उत्तर श्रेष्ठ आहे असे हा निबंध मानतो, तथापि धर्मव्याधासारखा आपला वाटा उघडपणे कबूल करणारा माणूसही धर्माबाहेरचा ठरत नाही. धर्माबाहेर ठरते ते न पाहता खाणे. ज्या मराठी घरात हे भांडे आहे तेथील वडीलधाऱ्यांनी झाकण लावण्यापूर्वी मुलांना जवळ बोलवावे, हा कोणता पक्षी, तो कोठे व कसा वाढला आणि कसा मेला, हे जेवढे ठाऊक असेल तेवढे खरे सांगावे, आणि ते ऐकून एखाद्या मुलाने त्या दिवशी वरण-भातच मागितला तर त्याला तो आनंदाने वाढावा.